तिवशातला तिवस

संपादकांचा फोन आला तेव्हा विषय ठरलेलाच होता. देशी झाडं आणि रानं वाचवायच्या ज्या राष्ट्रीय योजना आहेत, त्यांच्यावर लिहा. अट एकच होती : दिल्लीच्या कागदावरून लिहू नका, एखादं गाव धरा आणि तिथून पाहा.

मी गुरुकुंज मोझरी धरलं, आणि त्याला कारण घडलं तालुक्याचं नाव. मोझरीचा तालुका तिवसा. तिवस हे आपल्या रानातलं एक अस्सल झाड. पळसाला पानं तीन, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तिवसालाही तीनच असतात, पण त्याच्या नावानं म्हण पडली नाही. शिशिर सरता सरता हे झाड निष्पर्ण होतं आणि मग फिक्या गुलाबी फुलांनी भरून जातं. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियंत्रण कायद्याला झाडांची एक अनुसूची जोडलेली आहे. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन अशी ती सुरू होते आणि तिच्यात तिवस आहे. म्हणजे सरकारदरबारी साठ वर्षांपासून हे झाड 'संरक्षित' आहे. तर मग तिवसा तालुक्यात जाऊन तिवस शोधायचा, असं ठरवून श्रावणातल्या एका सकाळी अमरावतीहून निघालो.

"पाहाले पायजे का तोडाले?"

नांदगाव पेठ मागे पडलं की हायवेच्या दोन्ही अंगांना सोयाबीन आणि पऱ्हाटी लागते. दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल. कडेला कडुनिंब, करंज, मध्येच एखादा पिवळा गुलमोहर. रस्ता चौपदरी झाला तेव्हा जुनी झाडं गेली आणि नवी लागली, ती ही. मला तिवस काही दिसला नाही. दिसेल अशी आशाही नव्हती, कारण ते टेकडीउताराचं झाड आहे.

मोझरीत उतरलो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथं गुरुकुंज आश्रम काढला. त्याआधीचं त्यांचं तरुणपण रामदिघी, गोंदोड्याच्या जंगलात साधनेत गेलेलं. विदर्भातल्या माणसाला रान म्हटलं की वाघ आणि भूत आठवायच्या काळात हा माणूस रानातून माणसांत आला, आणि आल्यावर त्यानं ग्रामसफाई, श्रमदान, सामुदायिक प्रार्थना असली कामं गावाच्या हाती दिली. आश्रमापासून जवळच दासटेकडी. समाधीपाशी सकाळची वर्दळ होती. बाहेर चहाच्या टपरीवर एका भगव्या टोपीवाल्या आजोबांना विचारलं, "जयगुरु आजोबा, इकडं तिवसाचं झाड कुठं असेल?"

"तिवस? पाहाले पायजे का तोडाले?"

पाहायला, म्हटलं.

"पाहाले असन तं वाढयाच्या घरी चाला. झाड नाई, पन लाकूड दाखवतो."

वाढयाचं घर म्हणजे सुताराचं. पडवीत प्लायवूडचे तुकडे, एक इलेक्ट्रिक रंधा, दोन अर्धवट दिवाण. वर आढ्याला मात्र एक जू टांगलेलं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी वडिलांनी केलेलं, मुलानं विकलं नाही. काढून हातात दिलं. सागाहून जड, बाभळीहून हलकं. तांबूस तपकिरी रंग, आणि बैलांची मानगूट जिथं घासायची तिथं काचेसारखी झिलई. शिवळा घालायची भोकं आतून अजून धारदार. "साग उकलते, बाभूळ जड पडते," मालक सांगत होता, "तिवस लवते, पन मोडत नाई." बंडीचे दांडे, जू, वखराचं रुमणं, डवऱ्याची दांडी या सगळ्यांना तिवस चाले. हाच गुण त्याच्या जिवावर उठला. ट्रॅक्टर येईपर्यंत टेकड्यांवरचा सरळ वाढलेला तिवस बंड्यांखाली जाऊन संपत आला होता. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याची गरजच उरली नाही. ज्या झाडाची गरज उरत नाही त्याची रोपंही कुणी करत नाही.

खड्डा मोजता येतो

राष्ट्रीय योजना काय सांगतात? 1950 साली कन्हैयालाल मुनशींनी वन महोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै उजाडला की खड्डे खणायचे, हे देशाचं वळण झालं. देशाची एकतृतीयांश जमीन झाडांखाली असावी, असं 1952 च्या वनधोरणानं म्हटलं आणि 1988 च्या धोरणानंही म्हटलं. त्या 1988 च्या धोरणात एक मोठी उडी होती. लाकडाच्या उत्पन्नापेक्षा पर्यावरणाचा समतोल आणि जंगलावर जगणारी माणसं आधी, असं ते लिहून ठेवतं. त्यानंतर हरित भारत मिशन आलं, त्यात देशी प्रजाती आणि ग्रामसभा यांचा उल्लेख आवर्जून आहे. 2016 साली भरपाई वनीकरण निधीचा कायदा आला : धरणाला, खाणीला, रस्त्याला वनजमीन दिली तर तिच्या बदल्यात पैसे भरा आणि दुसरीकडे झाडं लावा. जगापुढे आपण 2030 पर्यंत 2 कोटी 60 लाख हेक्टर बिघडलेली जमीन सुधारण्याचं वचन दिलं आहे.

कागदावर यातलं काहीच चुकीचं नाही. घोडं पेंड खातं ते मोजणीपाशी. जंगल मोजता येत नाही, खड्डा मोजता येतो. लांबी-रुंदी-खोली ठरलेली, अंतर ठरलेलं, दर ठरलेला. आपल्या राज्यानं 1 जुलै 2016 ला 2 कोटी झाडं लावली, पुढच्या वर्षी 4 कोटी, मग 13 कोटी, आणि 2019 साली 33 कोटींचं लक्ष्य ठेवलं. एवढ्या रोपांना रोपवाटिका काय पुरवणार? जे पटकन उगवतं आणि पिशवीत सरळ वाढतं तेच. गुलमोहर मादागास्करचा, रेनट्री दक्षिण अमेरिकेतला, उंदीरमारी आणि सुबाभूळ मध्य अमेरिकेतली. ही झाडं वाईट नाहीत. शाळेच्या पटांगणात गुलमोहर शोभतोच. पण ती रान नव्हेत.

उपग्रहालाही हा फरक कळत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2023 च्या अहवालात देशाचं वन आणि वृक्षाच्छादन मिळून 25.17 टक्के दाखवलं आहे. त्यातल्या वनाच्छादनाची व्याख्या अशी : एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, ज्यावर झाडांच्या शेंड्यांची सावली किमान दहा टक्के आहे, मालकी कुणाची, झाड कुठलं, याला महत्त्व नाही. या व्याख्येत फळबागाही बसतात. वरूड-मोर्शीकडची संत्र्याची बाग आणि मेळघाटातला धावडा-सालईचा उतार, दोन्ही हिरवेच. संत्र्याला माझा विरोध नाही. मी अमरावतीत वाढलोय, माझी काय बिशाद. तरी बागेत धावडा उगवला तर माळी तो उपटेल.

आणि सगळीकडे दाट झाडीच हवी, हा हट्टही वऱ्हाडाच्या अंगाला बसत नाही. केंद्राच्या हरित पत (ग्रीन क्रेडिट) योजनेत फेब्रुवारी 2024 मध्ये लागवडीची जी पद्धत घातली गेली, तिच्यात हेक्टरी 1,100 झाडांची अट होती. म्हणजे साधारण तीन मीटरवर एक झाड. आमच्याकडे पाऊस चार महिन्यांचा, आठ-नऊशे मिलिमीटरच्या आसपास. उरलेले आठ महिने आणि त्यातला मे महिना वाचकांनी स्वतः सोसला असेल. इथलं मूळ रान शुष्क पानगळीचं, विरळ. सालई, धावडा, तेंदू, मोईन, हिवर अंतरानं उभे आणि मधल्या जागेत गवत. पवन्या, मारवेल, कुसळी. गवत हा या रानाचा अर्धा देह आहे. ते काढून तिथं खड्डे मारणं म्हणजे पीक मोडून बांध घालण्यासारखं. मेळघाटात गावांचं पुनर्वसन झाल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनींवर कुरणं उभी राहिली. त्या कामात जिल्ह्यातल्याच डॉ. गजानन मुरतकरांचा गवताचा अभ्यास उपयोगी पडला. तिथं कुणी खड्डे मोजले असते तर आकडा शून्य आला असता. हरणं मात्र आली असती.

पिशवीत न मावणारी झाडं

परतीच्या वाटेवर एका रोपवाटिकेत थांबलो. ती कुणाची आणि कुठली ते सांगत नाही, कारण तिथल्या बाईंनी मोकळेपणानं बोलायचं कबूल केलं ते याच अटीवर. शेडनेटखाली आठ-दहा जणी पिशव्या भरत होत्या. माती, रेती, शेणखत. शेजारच्या वाफ्यात गुलमोहर हातभर उंच, एकसारखा. कडेला कडुनिंब, सीताफळ, बांबू.

"मोह नाही?" मी विचारलं.

"मोहाचं बी थांबत नाही ना दादा."

हे एक वाक्य मी वाचलेल्या सगळ्या योजनांहून जास्त शिकवून गेलं. मोहाच्या फळाला टोळी म्हणतात. ती जूनच्या आगेमागे पिकून पडते. आतलं बी ओलं, तेलकट. वाळलं की मेलं. काही आठवड्यांत पेरलं नाही तर फेकून द्यायचं. लिंबोळीचंही जवळपास तसंच. उलट गुलमोहराचं, सुबाभळीचं बी वर्षभर डब्यात ठेवा, गरम पाण्यात टाका, आठवड्यात कोंब. आता हिशेब पाहा. बियांसाठी मागणीपत्र जातं, मंजुरी येते, पुरवठादार ठरतो. एवढ्यात मोहाचा हंगाम निघून गेलेला असतो.

धावड्याची गत आणखी न्यारी. झाड बियांनी लगडतं, पण त्यातलं बहुतेक बी पोचट. बिजाचं फळ टणक, उगवण कमी. चारोळीचं कवच इतकं कडक की अडकित्ता लागावा. सालई बियांपेक्षा फांदी रोवून बरी लागते. आणि तिवस? त्याचा स्वभाव निराळाच. त्याची मुळं जमिनीखाली आडवी धावतात आणि ठिकठिकाणी फुटवे वर काढतात. उघड्या, झिजलेल्या उतारावर माती धरून ठेवायला यासारखं झाड नाही. म्हणजे तिवस आणायला खड्डा नको, पिशवी नको, टँकर नको. जिथं जुनं मूळ जिवंत आहे तिथं गुरं आणि कुऱ्हाड काही वर्षं लांब ठेवली की तो आपणच येतो.

पण राखणदाराच्या पगाराला योजनेत फार कमी जागा असते. लागवडीला असते. रोप लावून तीन वर्षं देखभाल, मग हस्तांतरण, मग फाईल बंद. तीन वर्षांत तिवसाच्या फुटव्याचं झाड होत नाही.

इंग्लंडचं एक उदाहरण इथं आठवतं. तिथं इसवी सन 1600 पासून सलग टिकलेल्या रानांची 'प्राचीन वनं' म्हणून वेगळी यादी केलेली आहे. त्यातल्या काहींत मधल्या काळात लोकांनी पाईनसारखी सूचिपर्णी झाडं लावली होती. ती आता एकदम न तोडता हळूहळू विरळ करतात, म्हणजे खालचं जुनं रान ऊन पाहून उठतं. लावण्याआधी काय उरलंय ते नोंदवायचं, हा त्यातला मुद्दा घेण्यासारखा आहे. आपल्याकडे वनविभागाच्या दहा वर्षांच्या कार्य आयोजना असतात, त्यात कक्षवार नोंदीही असतात. पण लागवडीचं लक्ष्य वरून येतं तेव्हा त्या नोंदी कपाटात असतात.

देशी म्हटलं की सगळं आलं, असंही समजू नये. साग देशीच आहे. 1974 साली स्थापन झालेल्या राज्याच्या वनविकास महामंडळानं मिश्र जंगलं तोडून तिथं साग लावला, तेव्हा तिवस, बिजा, हळदू, तेंदू गेले आणि एकट्या सागाची पलटण उभी राहिली. मे महिन्यात त्या पलटणीखाली उभं राहून पाहा. सावली नाही, फळ नाही, पाखराचा आवाज नाही.

बाभूळबन, ई-क्लास, झुडपी

वऱ्हाडाच्या सपाटीवर रान नव्हतंच, कपाशीच होती, असा एक समज आहे. तो खरा नाही. इंग्रजांच्या काळात बेरारच्या वनखात्यानं मेळघाटाच्या सागाबरोबर पायनघाटातली, म्हणजे सपाटीवरची, बाभूळबनंही राखली होती. नदीकाठच्या काळ्या मातीतली ही बनं गावाला सरपण, काटी, शेळ्यांना शेंगा आणि अवजारांना लाकूड पुरवत. गवतासाठी राखलेली रमणं वेगळी, चराईची रानं वेगळी. हेतू महसुलाचा होता, त्यात संतपणा नव्हता. पण कुठल्या जमिनीवर काय नांदतं, हे त्या वर्गवारीत दिसतं.

आज त्याचा उरलेला तुकडा म्हणजे ई-क्लास. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी : महसुली दप्तरात गुरांच्या चराईला राखलेली ही सरकारी जमीन. गावात कुठलीही नवी इमारत यायची झाली की सगळ्यांची नजर आधी ई-क्लासवर जाते. टाकी तिथं, सौर प्रकल्प तिथं, अतिक्रमण तिथंच. आणि कुणी काही नाही केलं तर वृक्षारोपण तिथं.

वर्धा नदी ओलांडली की याच गोष्टीचं नाव बदलतं. तिवसा तालुक्याच्या पूर्वेला, रुक्मिणीच्या माहेरच्या कौंडण्यपूरपाशी नदी ओलांडा. पलीकडे वर्धा जिल्हा आणि तिथली 'झुडपी जंगलं'. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतल्या या सुमारे 86 हजार हेक्टर जमिनीचं त्रांगडं दशकानुदशकं चाललं. दप्तरात जंगल, जागेवर कुठं झुडपं, कुठं शाळा, कुठं स्मशान, कुठं वस्ती. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : झुडपी जमिनी या वनजमिनीच. 12 डिसेंबर 1996 च्या आधी झालेल्या वाटपांना सवलतीची वाट ठेवली. निकाल देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचेच; त्यांना झुडूप म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नसेल. मला या निकालातलं आवडलं ते हे की खुरट्या झाडोऱ्याला देशाच्या सर्वोच्च जागी मान मिळाला. बोर, हिवर, खैर, लोखंडी, हिंगणबेट यांना आपण 'काटेरी पसारा' म्हणतो आणि साफ करून तिथं 'झाडं' लावतो.

पायविहीरची सीताफळं

गावानं राखलं तर काय होतं, ते पाहायला मोझरीहून परतवाड्याकडे जावं लागतं. मेळघाटच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यात पायविहीर आहे. वनहक्क कायद्याखाली 2012 साली या गावाला 193 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तोवर ते रान म्हणजे उघडा माळ आणि रायमुनियाचं जाळं. गावानं 'खोज' संस्थेच्या मदतीनं रायमुनिया उपटली, कुऱ्हाड थांबवली, आळीपाळीनं पहारा दिला, पाणी अडवलं. रोजगार हमीची कामं त्यात जोडली. 2014 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. रानातली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली.

इथं एक गंमत आहे, आणि ती लपवू नये. सीताफळ देशी नाही. ते अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलं. ज्या रानाचं आपण देशी म्हणून कौतुक करतो ते सांभाळण्याचा खर्च परदेशी फळानं भागवला. देशीपणाच्या सोवळ्यात राहणाऱ्यांनी यावर विचार करावा. गावाला रानातून दोन पैसे मिळाले म्हणून गावानं रान राखलं, आणि राखलं म्हणून सीताफळाच्या आडोशानं बाकीचं उठलं. हरित भारत मिशनच्या कागदात ग्रामसभेबद्दल जे लिहिलंय, ते प्रत्यक्षात आणायला फक्त एक गोष्ट लागली : हक्काचा कागद आधी, काम नंतर.

बांधावरचा फुटवा

आता शेतकऱ्याच्या बाजूनं. 1964 चा कायदा अनुसूचीतलं झाड तोडायला परवानगी मागायला लावतो. अर्ज, पाहणी, पंचनामा, वाहतूक पास. सुबाभूळ, निलगिरीला मात्र पुष्कळ सूट. मग शहाणा शेतकरी काय करील? बांधावर सागाचा किंवा तिवसाचा फुटवा दिसला की तो बोटाएवढा असतानाच खुडतो. उद्याची कटकट आजच गेली. झाडाला जपण्यासाठी केलेला कायदा झाडाचा असा बालवयातच घात करतो. 2014 च्या राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरणानं हे ओळखलं होतं. जून 2025 मध्ये केंद्रानं शेतजमिनीवरच्या वृक्षतोडीचे नमुना नियमही राज्यांना पाठवले. स्वतः लावलेलं, स्वतः राखलेलं झाड स्वतः विकता येईल अशी खात्री बांधावर पोहोचेल तेव्हा तिवस वाचेल. त्याआधी नाही.

मोझरीहून निघता निघता टपरीवरच्या आजोबांनी मला त्यांच्या शेताच्या टेकडीकडच्या बांधावर नेलं. "झाड नाई म्हनलो होतो. हे झाड नोहे, पोट्टं हाये." गुडघ्याएवढा फुटवा, तीन-तीन पानांचा, कडा किंचित लाटेरी, कोवळ्या पानावर लव. वखरात दरसाल तुटायचा. यंदा त्यांनी भोवती बोराटीची काटी लावली होती.

"काहून राखला?"

"जू पाह्यलं ना तुमी? ते माह्याच बैलाईचं होतं."

ग्रामजयंती ते मृग

30 एप्रिल ही तुकडोजी महाराजांची जयंती. गावोगाव ती ग्रामजयंती म्हणून होते. नेमकी याच सुमाराला रानात चारोळी पिकू लागते. त्यामागून पळसपापडी वाळते, तिवसाच्या चपट्या शेंगा तयार होतात, आणि मृग लागता लागता टोळी आणि लिंबोळी पडते. वर्षातले हेच पाच-सहा आठवडे वऱ्हाडच्या रानाचे बियांचे. जुलैच्या सोहळ्याला ते उपयोगाचे नसतात, कारण तोवर निम्मं बी मेलेलं असतं. मोझरीच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना बेहडा, अर्जुन, बिजा यांची साल ओळखावी लागते. ती झाडं त्यांच्या गावाजवळ कुठं उभी आहेत, याची यादी त्याच मुलांनी केली तर बी कुठून गोळा करायचं ते ठरेल. ग्रामसभांनी या आठवड्यांत बी वेचावं, त्याच आठवड्यात टेकडीउतारावर आणि बांधावर टोचावं, आणि योजनेतला पैसा खड्ड्याऐवजी राखणदाराला मागावा.

वाचकांपैकी ज्यांच्या गावात मोह उरला असेल त्यांनी येत्या जूनमध्ये टोळी फेकू नये. ओलसर असतानाच दोन बोटं खोल मातीत घालावी, आणि भोवती काटी लावायला विसरू नये.